रोहनचे घोडेस्वार आणि त्यांनी न गायलेली गाणी

टॉल्किनच्या चाहत्यांमध्ये दोन जाती असतात. एक एल्फवाले. म्हणजे भाषा, चांदणं, हजारो वर्षांचं दुःख वगैरे. आणि दुसरे रोहनवाले. मी दुसऱ्या जातीतला. उघड्या माळावर वाऱ्यात वाकणारं गवत, हिरव्या निशाणावर पांढरा घोडा, शिंगांचे आवाज आणि पहाटे सहा हजार घोडेस्वारांची धडक. ज्याला हे वाचून काहीच होत नाही त्याने डॉक्टरला दाखवावं :)

पण रोहनवाल्यांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि आजचा लेख त्यासाठीच आहे. आपण या लोकांवर प्रेम करतो ते त्यांच्याच गाण्यांतून. आणि गाणी ज्याची असतात त्याचीच बाजू सांगतात. रोहनचा इतिहास गाणी बाजूला ठेवून वाचला तर तो जास्त अवघड आहे, आणि माझ्या मते जास्त चांगलाही आहे.

ज्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत त्यांच्यासाठी थोडी ओळख. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलं. त्यातल्या दुसऱ्या भागात रोहन हे राज्य येतं. तिथल्या लोकांना आपण रोहिरिम म्हणतो, पण हे नाव त्यांचं नाही. ते शेजारच्या गोंडोरवाल्यांनी दिलेलं, एल्फांच्या भाषेतलं नाव आहे. ते स्वतःला 'एऑर्लिंगास' म्हणतात, म्हणजे एऑर्लची माणसं, आणि देशाला 'मार्क'. म्हणजे बघा, सुरुवातच दुसऱ्याने ठेवलेल्या नावापासून आहे.

हा एऑर्ल कोण? त्याच्या आधी हे लोक दूर उत्तरेला, अँडुइन नदीच्या उगमाकडे राहायचे. तिथला त्यांचा एक सरदार फ्राम याने स्काथा नावाचा ड्रॅगन मारला. ड्रॅगनच्या खजिन्यावर बुटक्यांनी, म्हणजे ड्वार्फ लोकांनी, हक्क सांगितला. फ्रामने त्यांना एक कवडी दिली नाही. उलट ड्रॅगनच्या दातांची माळ पाठवून दिली, की असले दागिने तुमच्या तिजोरीत नसतील. काही जण म्हणतात की या अपमानापायी बुटक्यांनी त्याला मारलं. पहिल्याच गोष्टीत दुसऱ्याचा हक्क, त्यावर एक चुरचुरीत उत्तर, आणि नंतर रक्त. हा पॅटर्न लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

एऑर्लच्या बापाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. लेओड घोडे माणसाळवण्यात पटाईत होता. त्याने एक पांढरं शिंगरू पकडलं, वाढवलं. मोठं झालं तरी ते कोणाला पाठीवर बसू देईना. एक दिवस लेओड बसलाच. घोडा उधळला, लेओड पडला, डोकं दगडावर आपटलं आणि गेला. वय बेचाळीस. मुलगा सोळा वर्षांचा. मुलाने सूड घेण्याची शपथ घेतली. सगळ्यांना वाटलं, पोरगा बाण मारणार. पोराने घोडा शोधला, त्याला हाक मारली आणि सांगितलं, तू मला माणसाची भरपाई देणं लागतोस, तर आता तुझं स्वातंत्र्य मला आयुष्यभर दे. आणि घोडा आला! एऑर्ल त्याच्यावर लगाम न घालता बसून घरी आला. त्याचं नाव फेलारोफ. गँडाल्फचा शॅडोफॅक्स याच वंशातला.

या गोष्टीत त्या समाजाचा सगळा कायदा आहे. खून झाला तर भरपाई. भरपाई ठरली की वैर संपलं. आणि शब्द दिला की तो पाळायचा, मग समोर घोडा का असेना. लिहिलेलं काही नाही. रोहिरिम लोकांना पुस्तकं नाहीत, गाणी आहेत. माझ्यासारख्या माणसाला, ज्याच्या आयुष्यातली अर्धी भांडणं 'हे डॉक्युमेंटमध्ये कुठे लिहिलंय' या प्रश्नाने सुरू होतात, हे फारच आकर्षक वाटतं. सगळी सिस्टीम लोकांच्या डोक्यात, आणि तरी पाचशे वर्षं चालते.

आता मुद्द्याकडे. तिसऱ्या युगाच्या २५१० साली गोंडोरवर पूर्वेकडून मोठं आक्रमण झालं. गोंडोरचा कारभारी किरिऑन याने उत्तरेला निरोप्ये पाठवले, त्यातला एकच पोचला. एऑर्ल सुमारे सात हजार स्वार घेऊन शेकडो मैल दौडत आला आणि ऐनवेळी लढाई फिरवली. किरिऑनने कृतज्ञतेने त्याला कालेनार्धोन हा सगळा प्रांत देऊन टाकला. डोंगरावरच्या एका पवित्र जागी दोघांनी शपथा घेतल्या. मैत्रीची अशी शपथ की एकाने हाक मारली की दुसऱ्याने धावायचं. थेओडेन पाचशे वर्षांनी मिनास तिरिथला धावतो तो याच शपथेने.

सुंदर आहे सगळं. फक्त एक बारीक प्रश्न. कालेनार्धोन रिकामं होतं का?

बऱ्यापैकी रिकामं होतं, हे खरं. १६३६ च्या महामारीत तिथली गोंडोरची वस्ती गेली ती पुन्हा नीट भरलीच नाही. पण पश्चिमेकडे, आयझेन नदीच्या अलीकडे, डनलंडचे लोक होते. यातले काही गोंडोरची पकड सैल झाल्यावर नंतर सरकत आलेले. पण हे लोक मुळात त्या पांढऱ्या पर्वतांच्या खोऱ्यांत फार पूर्वी, गोंडोर नावाची गोष्टच नव्हती तेव्हा राहणाऱ्यांचे वंशज. त्यांच्या भाऊबंदांची पश्चिमेकडची जंगलं समुद्रापलीकडून आलेल्या न्यूमेनोरवाल्यांनी जहाजांसाठी तोडून उजाड केली होती. म्हणजे त्यांच्या बाजूने बघितलं तर ही दुसरी खेप. एका उंच माणसाने दुसऱ्या उंच माणसाला डोंगरावर जाऊन आपली जमीन बक्षीस दिली, आणि तिथे आपल्याला कोणी बोलावलंसुद्धा नाही.

पुढे काय झालं? तिसरा राजा आल्डोर. त्याच्याबद्दल परिशिष्टात जे आहे त्याचा मतलब असा, की त्याच्या काळात रोहनची लोकसंख्या वाढली आणि आयझेनच्या पूर्वेला उरलेल्या डनलंडच्या लोकांना त्यांनी हाकलून दिलं किंवा ताब्यात आणलं. झालं. एक वाक्य, तेही धड पूर्ण नाही. त्यानंतरच्या तीन राजांबद्दल फारसं सांगण्यासारखं काही नाही, कारण शांतता आणि भरभराट होती! सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीबरोबर जी यादी येते, त्यात शेवटी 'किरकोळ दुरुस्त्या' असं लिहिलेलं असतं ना, तसं आहे हे. ज्याचं काम त्या किरकोळ दुरुस्तीने बंद पडतं त्यालाच कळतं ती किती किरकोळ होती.

आणि ते लोक विसरले नाहीत. हेल्म्स डीपच्या लढाईच्या रात्री तटाखाली आरडाओरडा चाललेला असतो आणि म्हातारा गॅमलिंग, ज्याला त्यांची भाषा कळते, तो सांगतो की यांना अजून तोच राग आहे, की गोंडोरने हा मुलूख एऑर्लला दिला. २५१० ते ३०१९. पाचशे नऊ वर्षं. सारुमानने फक्त काडी टाकली, लाकडं आधीच रचलेली होती. आता ज्या समाजात लिहीत नाहीत, तिथे पाचशे वर्षं राग टिकतो कसा? गाण्यांतूनच टिकणार की. म्हणजे तिकडेही गाणी होती. आपल्याला ती पुस्तकात कोणी ऐकवत नाही एवढंच.

या सगळ्याचा कडेलोट म्हणजे हेल्मची गोष्ट. नववा राजा हेल्म, ज्याच्या नावावर तो किल्ला आहे. साल २७५४. फ्रेका नावाचा एक धनवान सरदार, अडॉर्न नदीच्या दोन्ही तीरांवर त्याच्या जमिनी. तो म्हणायचा मी फ्रेआविने राजाच्या वंशातला, पण लोक म्हणायचे याच्यात डनलंडचं रक्त जास्त, केस बघा काळे आहेत. इथे थांबून विचार करा. पिवळ्या केसांच्या देशात एक काळ्या केसांचा माणूस दरबारात आहे, त्याच्याकडे पैसा आहे, किल्ला आहे, आणि तो आपल्या मुलासाठी राजाची मुलगी मागतो. हे लग्न झालं असतं तर? अडीचशे वर्षांचं भांडण एका मांडवात मिटू शकलं असतं. फ्रेका काही साधुसंत नव्हता, दरबारात पुष्कळ माणसं घेऊन दमदाटीच्या तयारीनेच आला होता. पण सोयरीक हा राजकारणातला सगळ्यात जुना तह आहे, हे आपल्याकडच्या कोणालाही सांगायला नको.

हेल्म काय करतो? तू मागच्या वेळेपेक्षा मोठा झालायस, पण बहुतेक चरबीनेच, असं म्हणतो. सगळे हसतात. (फ्रामची दातांची माळ आठवली?) फ्रेका चिडून उलट धमकी देतो. हेल्म सभा संपेपर्यंत गप्प बसतो आणि मग त्याला बाहेर माळावर नेऊन एकच ठोसा मारतो. फ्रेका मरतो. हेल्म लगेच जाहीर करतो की फ्रेकाचा मुलगा वुल्फ आणि जवळचे नातेवाईक राजाचे शत्रू.

गाण्यात हे छान वाटतं. एका ठोशात माणूस मारणारा राजा! पण मला इथे कायम लेओडचा घोडा आठवतो. ज्या समाजाने घोड्याकडूनसुद्धा रीतसर भरपाई मागितली आणि वैर मिटवलं, त्याच समाजाचा राजा स्वतः माणूस मारतो आणि भरपाई देण्याऐवजी मेलेल्याच्या पोराला गुन्हेगार ठरवतो. त्यांच्या स्वतःच्या कायद्याने हे चूक आहे. यासाठी आपली आजची मूल्यं लावायची गरजच नाही.

चार वर्षांनी वुल्फ आला, डनलंडची फौज घेऊन. एडोरास पडलं. हेल्मचा मोठा मुलगा मेडुसेल्डच्या दारात लढताना मेला, धाकटा हिवाळ्यात बर्फात हरवला. २७५८-५९ चा तो हिवाळा पाच महिने चालला. हेल्म पांढरे कपडे घालून रात्री एकटा बाहेर पडायचा, शिंग फुंकायचा आणि शत्रूला हातांनी मारून परत यायचा. एका सकाळी तो तटबंदीपुढच्या बांधावर गोठून मेलेला सापडला. उभाच, गुडघे न वाकवता. शेवटी त्याच्या बहिणीच्या मुलाने वुल्फला मारलं आणि राज्य परत घेतलं. त्याच्या राज्याभिषेकाला भेटी घेऊन कोण आलं? सारुमान. तिथून आयझेनगार्ड त्याच्या हातात गेलं. एका विनोदाची आणि एका ठोशाची किंमत अडीचशे वर्षांनी थेओडेनने फेडली.

या कथेवर २०२४ च्या डिसेंबरात 'द वॉर ऑफ द रोहिरिम' हा ॲनिमेशनपट आला, केंजी कामियामा दिग्दर्शक. पुस्तकात हेल्मच्या मुलीला नावसुद्धा नाही, सिनेमात ती हेरा नावाची नायिका आहे. ही गोष्ट मला पटली. जिच्यावरून सगळं पेटलं तिला एक वाक्य तरी बोलू द्यावं की नाही? पण त्याच सिनेमाने वुल्फला नकार न पचवलेला बालमित्र करून टाकलंय. म्हणजे जमिनीचं भांडण गेलं आणि राहिला एकतर्फी प्रेमाचा खलनायक. नाव नसलेल्या मुलीला नाव दिलं आणि नाव असलेल्या लोकांचं कारण काढून घेतलं. जॅक्सनच्या २००२ च्या सिनेमात तरी सारुमान त्यांना दोन वाक्यांत जमिनीची आठवण करून देतो. अर्थात त्यानंतर हेल्म्स डीपला तटाखाली ते दिसतच नाहीत, फक्त उरुक-हाय. राक्षस मारताना प्रेक्षकाला त्रास होत नाही, बहुधा हे कारण असावं.

आता कोणी म्हणेल, बाबा रे, फँटसी आहे, मजा घे. मजा घेतोच आहे. पण लढवय्या लोकांच्या गाण्यांवर वाढणं म्हणजे काय हे मराठी माणसाला मुद्दाम समजावून घ्यावं लागत नाही. अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडा ऐकून अंगावर काटा येतो तो मला रोहनची धडक वाचतानाही येतो, अगदी तोच. पण माझ्या टीममध्ये कोलकात्याची एक मुलगी होती. तिने एकदा जेवताना सहज सांगितलं की तिची आजी झोपवताना जे गाणं म्हणायची त्यात 'बोर्गी' येतात. बोर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये चौथाईसाठी वारंवार शिरल्या, गावं लुटली. शाळेत आम्हाला ते 'बंगालच्या मोहिमा' म्हणून दोन ओळींत होतं. तिकडे ते पावणेतीनशे वर्षं पाळण्याशी म्हटलं जातंय. ती काही चिडून वगैरे बोलत नव्हती, डबा खात होती. मला मात्र गॅमलिंग आठवला.

असो. परत रोहनकडे, कारण डनलंडपेक्षाही वाईट एक गोष्ट राहिली आहे आणि ती बहुतेक जण वाचताना सोडून देतात.

थेओडेनची सहा हजारांची फौज मिनास तिरिथकडे निघालेली असते आणि वाट शत्रूने अडवलेली असते. तेव्हा जंगलातला एक ठेंगणा, गवताची झालर नेसलेला म्हातारा त्यांना गुप्त वाट दाखवतो. गान-बुरी-गान. (हा म्हातारा फौज मोजून दाखवतो, वीस वेळा वीस, ते पंधरा वेळा, म्हणजे सहा हजार. वीसच्या पायावर इतका चोख हिशोब, आणि एओमेरला आधी वाटलेलं असतं याला मोजता येणार नाही!) बदल्यात तो मागतो काय? सोनं नाही. तो म्हणतो, जिंकलात तर आम्हाला जंगलात जनावरांसारखं मारू नका.

एकदा परत वाचा. म्हणजे कोणीतरी आजवर तसं मारत होतं, आणि तो ही मागणी रोहनच्या राजाकडे करतोय. थेओडेन 'काय बोलतोस, आम्ही असं कधी केलं' असं म्हणत नाही. तो लगेच कबूल करतो.

आता थोडं मागे जा. याच प्रवासात मेरी डनहॅरोच्या घाटाने वर जातो, तिथे प्रत्येक वळणावर दगडाचे जुने पुतळे बसलेले असतात, ढेरपोटे, झिजलेले. रोहनचे लोक त्यांना 'पूकेल' म्हणतात. कोणी घडवले, कशासाठी, कोणाला माहीत नाही, गाण्यात नाही. आणि गान-बुरी-गानला पाहिल्यावर मेरीला वाटतं, हा तर तोच पुतळा जिवंत होऊन आलाय. एका परक्या हॉबिटला जे एका नजरेत कळलं ते पाचशे वर्षं त्या घाटाने घोडे चढवणाऱ्यांना कळलं नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या पुतळ्यांजवळून जायचं, त्यांचीच शिकार करायची. एडोरासच्या वाटेवर सोळा राजांच्या समाध्या, प्रत्येकाचं नाव क्रमाने तोंडपाठ, थेओडेनच्या अंत्यविधीला शाहीर सगळी नावं गातो. इतकी पक्की स्मरणशक्ती, आणि या पुतळ्यांसाठी एक ओळ नाही. स्मरणशक्ती कमी पडली असं मी म्हणणार नाही. कोणाला लक्षात ठेवायचं ते आधीच ठरलेलं होतं.

टॉल्किनने हे मुद्दाम केलं का? मला वाटतं हो. हा माणूस ऑक्सफर्डमध्ये १९२५ ते १९४५ प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक होता. रोहनच्या लोकांची भाषा त्याने त्याच प्राचीन इंग्रजीत दाखवली, मेडुसेल्ड हा शब्ददेखील 'बेओवुल्फ'मधला. त्यामुळे सगळे म्हणतात, रोहिरिम म्हणजे घोड्यावर बसवलेले अँग्लो-सॅक्सन. पण एका तळटीपेत तो बजावतो की भाषा तशी दाखवली म्हणून ते लोक तसेच समजू नका. साम्य आहे ते परिस्थितीचं. साधे लोक, शेजारी त्यांच्याहून प्रगत संस्कृती, आणि राहतात त्या संस्कृतीच्या जुन्या जमिनीवर. अँग्लो-सॅक्सनसुद्धा ब्रिटनमध्ये रोमच्या जुन्या जमिनीवर येऊन बसले, आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांना त्यांनी 'वेल्श' म्हटलं, म्हणजे परके. घरच्यालाच परका! हे शब्द ज्याने आयुष्यभर शिकवले त्याला डनलंडची बाजू दिसत नव्हती हे मला पटत नाही.

याच तळटीपेवरून एक गंमत सुचली. त्याचा हिशोब असा की हॉबिटांची भाषा म्हणजे आजची इंग्रजी, तर रोहनची म्हणजे हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी, कारण दोन्ही भाषांचं नातं तसंच आहे. मग मराठीत आणताना रोहनच्या माणसांनी ज्ञानेश्वरीच्या वळणाचं बोलायला हवं! आणि आपल्याला ते अर्धवट कळायला हवं, जसं मेरीला थेओडेनची भाषा ऐकताना अर्धवट ओळखीची वाटते. कोणी करून बघेल का? मी नाही, माझी जुनी मराठी दहावीच्या पुढे गेलेली नाही.

रोहनच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. हेल्म्स डीपला जिंकल्यावर डनलंडचे कैदी थरथरत उभे असतात, कारण सारुमानने सांगितलेलं असतं की हे लोक कैद्यांना जिवंत जाळतात. रोहनवाले त्यांच्याकडून पडझडीची दुरुस्ती करून घेतात, हत्यार घेऊन पुन्हा आयझेन ओलांडणार नाही अशी शपथ घेतात आणि घरी सोडतात. ते लोक चकित होतात. लेओडच्या घोड्याचा जुना कायदा अखेर माणसांना लागू झाला. नदी मात्र तीच राहिली, आणि पलीकडची जमीनही तीच.

आणि डनलंडच्या भाषेचं म्हणाल तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये तिचा एकच शब्द आला आहे. फोर्गोईल. अर्थ, गवतासारख्या केसांचे. रोहिरिम लोकांना ते म्हणायचे ती शिवी.